कसम कोणी खायची?
(असगर फरहादी यांच्या ‘अ सेपरेशन’ या चित्रपटाविषयी)

मुसलमान माणूस पडद्यावर आला की तो कशासाठी आला आहे, हे आपल्याला आधीच कळते. हिंदी सिनेमाने ही सवय आपल्याला लावली आहे. तो कधी शेरवानीतला नवाब असतो, कधी नायकासाठी जीव देणारा दिलदार दोस्त, कधी दर्ग्यातला कव्वाल, कधी बंदरावरचा स्मगलर, आणि 1990 नंतर तर बहुतेक वेळा हातात बंदूक घेतलेला अतिरेकी. एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ किंवा सईद मिर्झा यांचा ‘सलीम लंगडे पे मत रो’ (1989) असे मोजके अपवाद सोडले, तर पडद्यावरच्या मुसलमानाला मुसलमान असण्यापलीकडे दुसरे काही कामच नसते. नोकरी, कर्ज, घरातला आजारी बाप, मुलीची शाळा आणि या सगळ्यांत रोज कसाला लागणारे ईमान या गोष्टी त्याच्या वाट्याला येत नाहीत.

असगर फरहादी या इराणी दिग्दर्शकाचा ‘अ सेपरेशन’ (2011) आम्हाला आपल्या वाचकांपुढे ठेवावासा वाटतो तो या कारणासाठी. यातली सगळीच माणसे मुसलमान आहेत. त्यामुळे कोणालाच मुसलमानांचे प्रतिनिधित्व करावे लागत नाही. धर्म इथे ओळखपत्रासारखा मिरवला जात नाही. तो माणसाच्या आत बसलेला असतो आणि नेमका अडचणीच्या वेळी बोलतो. कोणाच्या आत तो बोलतो आणि कोणाच्या आत गप्प राहतो, हाच या चित्रपटाचा खरा विषय आहे असे आम्हाला वाटते.

चित्रपटाचे मूळ फारसी नाव ‘जुदाई-ए-नादिर अज सिमीन’, म्हणजे नादिरची सिमीनपासून जुदाई. 2011 साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. अभिनयाची दोन्ही रौप्य अस्वले यातल्या पुरुष आणि स्त्री कलावंतांना मिळून देण्यात आली. फेब्रुवारी 2012मध्ये परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले आणि ते मिळवणारा हा इराणचा पहिला चित्रपट ठरला. हा मान सहज मिळालेला नाही. सप्टेंबर 2010मध्ये सरकारने चित्रीकरणाची परवानगी काही काळ काढून घेतली होती, कारण एका समारंभात फरहादींनी मोहसिन मखमलबाफ आणि जाफर पनाही या सरकारच्या मर्जीतून उतरलेल्या दिग्दर्शकांविषयी आपुलकीचे शब्द काढले होते. सत्तेशी असा व्यवहार करत करत ज्या माणसाला सिनेमा काढावा लागतो, त्याने खरे बोलण्याच्या किमतीवर सिनेमा काढावा, यात नवल नाही.

कथा तेहरानमध्ये घडते. अल्बुर्झ डोंगराच्या उतारावर उत्तरेकडे सुखवस्तू माणसे आणि सपाटीवर दक्षिणेकडे कष्टकरी, अशी या महानगराची जुनी मांडणी आहे. नादिर (पेमान मुआदी) बँकेत नोकरी करतो, त्याची बायको सिमीन (लैला हातमी) इंग्रजी शिकवते. अकरा वर्षांची मुलगी तरमे (दिग्दर्शकाची स्वतःची मुलगी सरीना फरहादी) आणि स्मृतिभ्रंश झालेले नादिरचे वडील, असे चौघांचे घर. सिमीनला मुलीला घेऊन देश सोडायचा आहे. मोठ्या खटपटीने मिळालेल्या व्हिसाची मुदत संपत आली आहे. नादिर वडिलांना सोडायला तयार नाही. बाप मुलाला ओळखत नाही हे सिमीनचे म्हणणे खरे आहे आणि मुलगा बापाला ओळखतो हे नादिरचे उत्तरही खरे आहे. पहिल्याच दृश्यात दोघे कॅमेऱ्याकडे तोंड करून बसतात आणि न दिसणाऱ्या काजीपुढे आपापली कैफियत मांडतात. कॅमेरा काजीच्या जागी ठेवला आहे, म्हणजे आपल्याला काजीच्या खुर्चीत बसवले आहे. पुढे दोन तास ही खुर्ची आपल्याला टोचत राहते.

सिमीन माहेरी जाते. वडिलांची देखभाल करायला नादिर राझिया (सारे बयात) नावाच्या बाईला कामावर ठेवतो. ती शहराच्या दुसऱ्या टोकाहून पहाटे बस धरून येते. सोबत सुमैया ही लहान मुलगी असते. पोटात दुसरे मूल आहे. नवरा हुज्जत (शहाब हुसैनी) चांभारकाम करणारा. वर्षानुवर्षे एका दुकानात राबल्यावर त्याला काढून टाकले गेले, हक्काचे पैसेही मिळाले नाहीत आणि आता कर्ज देणारे दाराशी उभे आहेत. राझियाने ही नोकरी नवऱ्यापासून लपवली आहे, कारण बायको घरात नसलेल्या पुरुषाच्या घरी काम करणे त्याला चालणार नाही. पहिल्याच दिवशी म्हातारा कपडे ओले करतो. परक्या पुरुषाचे अंग धुणे गुनाह ठरेल का, असा तिला प्रश्न पडतो. ती फोन लावून मसला विचारते. बाजूला उभी असलेली सुमैया आईला दिलासा देते, की मी अब्बांना सांगणार नाही. असा फोन आपल्या मोहल्ल्यातही रोज कोणीतरी करत असते. शिकलेला प्रेक्षक या प्रसंगाला हसतो. हे हसू आपण लक्षात ठेवावे, कारण चित्रपट त्याचा हिशेब शेवटी मागतो.

एके दिवशी नादिर आणि तरमे घरी येतात, तर दाराला कुलूप, म्हातारा जमिनीवर पडलेला आणि त्याचा हात पलंगाला बांधलेला. राझिया परत येते. नादिर संतापलेला. कपाटातले काही पैसेही नाहीसे झालेले. तो तिच्यावर चोरीचा आळ घेतो. बांधून ठेवल्याचा आरोप ती खालमानेने ऐकून घेते, पण चोरीचा आळ तिला सहन होत नाही. ती पुन्हा पुन्हा दारात येते, आपण चोर नाही हे त्याच्याकडून वदवून घ्यायला. तो तिला बाहेर ढकलतो. ती जिन्यात पडते. रात्री बातमी येते की तिचे मूल गेले. गर्भ साडेचार महिन्यांचा होता. चार महिन्यांनंतर गर्भात रूह येते असे फिकह मानते आणि इराणचा कायदा त्यावर उभा आहे, म्हणून गुन्हा मनुष्यवधाचा ठरतो.

आता सगळे एका प्रश्नावर येऊन ठेपते. ती गरोदर आहे हे नादिरला माहीत होते का? माहीत असून ढकलले असेल तर कैद, माहीत नसेल तर सुटका. तो सांगतो, माहीत नव्हते. पण त्याला माहीत होते. मुलीला शिकवायला येणाऱ्या बाई राझियाशी डॉक्टरविषयी बोलत होत्या, तेव्हा त्याने ते ऐकले होते.

मोठ्या शहरात माणूस माणसाला कसा वापरतो, हे दाखवायला सिनेमावाले एखादा खलनायक शोधतात: दलाल, नेता, बिल्डर. फरहादींच्या चित्रपटात असा कोणी नाही. इथे प्रत्येक जण आपल्या माणसासाठी दुसऱ्याला थोडेसे वापरतो आणि त्या ‘थोडेसे’ची बेरीज एका बाईच्या अंगावर कोसळते. नादिर कैदेत गेला तर बापाचे आणि मुलीचे काय, म्हणून तो खोटे बोलतो. शिकवणीच्या बाई त्याच्या बाजूने साक्ष देतात. हुज्जत शाळेत जाऊन त्यांना कुरआनवर हात ठेवायला लावतो, आणि खरी गोष्ट कळल्यावर त्या आपली साक्ष मागे घेतात. नाहीशा झालेल्या पैशांची गोष्ट तर त्याहून साधी. पियानो उतरवणाऱ्या हमालांनी जास्तीचे मजले मोजून जास्त मजुरी मागितली आणि सिमीनने ती त्या पैशांतून देऊन टाकली होती. एका घरातल्या नवराबायकोचा संवाद तुटला, त्याची शिक्षा मोलकरणीला चोर म्हणून मिळाली. वरच्या वर्गाच्या घरगुती भांडणाची किंमत खालच्या वर्गाने कशी चुकवायची असते, याचे इतके नेमके चित्र आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

नादिर वाईट माणूस नाही. तसा तो असता तर चित्रपट सोपा झाला असता. तो बापाला स्वतः आंघोळ घालतो आणि त्याच्या पाठीवर डोके टेकून रडतो. मुलीला तो सरळ उभे राहायला शिकवतो. पेट्रोल पंपावर उरलेले पैसे मागून घ्यायला तिलाच पाठवतो. एका प्रसंगात तो तिचा अभ्यास घेत असतो. एका अरबी शब्दाला फारसी प्रतिशब्द सांग म्हणतो. बाईंनी दुसरा शब्द सांगितला आहे, मी लिहिला नाही तर गुण जातील, असे ती म्हणते. तो बजावतो की चूक ती चूकच, मग ती कोणीही सांगो. भाषाशुद्धीचा वाद मराठी वाचकाला नवा नाही, पण इथे मुद्दा भाषेचा नाही. शब्दाच्या बाबतीत इतका कडक असलेला बाप साक्षीच्या बाबतीत सैल होतो आणि मुलगी हे बघत असते.

तरमे बापाला विचारते, आणि तो तिच्यापाशी कबूल करतो की मला माहीत होते. वर म्हणतो, तू सांगशील तर मी जाऊन खरे सांगतो. वरवर ही प्रामाणिकपणाची भाषा आहे. प्रत्यक्षात अकरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर त्याने स्वतःची कैद ठेवली आहे. यथावकाश काजी तरमेला विचारतो आणि ती बापाला वाचवण्यासाठी खोटे बोलते. परतताना गाडीत ती मूकपणे रडते. सूरह निसाच्या 135व्या आयतीचा आशय आपल्याला ठाऊक आहे: न्यायावर ठाम राहा, साक्ष स्वतःच्या, आईबापांच्या वा नातलगांच्या विरोधात गेली तरी खरीच द्या, समोरचा श्रीमंत असो की गरीब. शुक्रवारच्या बयानात ही आयत आपण अनेकदा ऐकलेली असते. फरहादी आयतीचे नावही घेत नाहीत, पण तिचा सगळा भार एका शाळकरी मुलीवर पडलेला दाखवतात. मोठी माणसे मागे सरली की ईमानाची परीक्षा मुलांना द्यावी लागते.

दुसऱ्या बाजूला हुज्जत आहे. मराठीत आपण ‘हुज्जत घालणे’ म्हणतो तो हाच शब्द. अरबीत त्याचा अर्थ पुरावा, दलील. या माणसाला मात्र हुज्जत घालताच येत नाही. नादिर शांतपणे, मुद्देसूद बोलतो, त्यामुळे काजी त्याचे ऐकून घेतो. हुज्जतचा आवाज चढतो, तो कपाळ बडवून घेतो, आणि अटकेची पाळी त्याच्यावर येते. तुमच्यासारख्यांना वाटते आम्ही बायकापोरांना जनावरासारखे मारतो, पण आम्हीही माणसेच आहोत, असे तो कुरआनची कसम घेऊन सांगतो. कचेरीत नीट बोलता येणे ही सुद्धा एक मालमत्ता असते, हे ज्यांच्यापाशी ती आहे त्यांच्या ध्यानात येत नाही. पोलीस ठाण्यात, रेशन कार्यालयात, कोर्टाच्या आवारात आपली माणसे अशीच ओरडतात आणि ओरडल्यामुळेच हरतात.

शेवटी तडजोड ठरते. नादिरने नुकसानभरपाईची रक्कम द्यायची, म्हणजे रक्ताची किंमत, दियत. हुज्जतचे सावकार पैशाची वाट पाहत आहेत. त्याच सुमारास राझिया सिमीनला गाठून आपल्या मनातली गाठ सोडते. आदल्या दिवशी म्हातारा घराबाहेर निघून गेला होता, त्याला रस्त्यावरून आणताना तिला गाडीची धडक बसली होती आणि त्याच रात्री पोटात दुखू लागले होते. मूल जिन्यात पडल्याने गेले की धडकेने, याची तिला खात्री नाही. शंका असताना पैसे घेतले तर ते हराम होतील आणि माझ्या मुलीवर संकट येईल, असे तिला भय आहे. सिमीनला हे कळते, तरी पैसे द्यायला ती नादिरला आणि तरमेला घेऊन जाते. तिला मुलीसाठी प्रकरण मिटवायचे आहे.

राझियाच्या छोट्या घरात सगळे जमले आहेत. चेक लिहून झाले आहेत. तेव्हा नादिर म्हणतो, फक्त एक करा, तुमचे मूल माझ्यामुळेच गेले अशी कुरआनवर कसम खा. राझिया कुरआन आणायला आत जाते आणि तिथेच थिजते. हुज्जत मागोमाग येतो. कसम खा, गुनाह माझ्या मानेवर, असे तो विनवतो. ती नाही म्हणते. तो स्वतःलाच मारून घेतो, बाहेर धावतो आणि नादिरच्या गाडीची काच फोडतो.

या प्रसंगाचे दोन सोपे अर्थ लावता येतात, आणि दोन्ही आपल्या समाजात लावले जातील. आपल्यातले सुधारक म्हणतील, पाहा, पोथीच्या भीतीने एका गरीब बाईने हातातोंडाशी आलेला घास घालवला. आपल्यातले दीनदार म्हणतील, पाहा, ईमानाचा विजय झाला. आम्हाला दोन्ही अर्थ अपुरे वाटतात.

पहिला अशासाठी, की या कथेत ठाम राहणारी एकमेव मोठी व्यक्ती राझिया आहे. तीही खोटे बोलली आहे, तिनेही लपवले आहे. पण बँकेतला नोकर, इंग्रजीची शिक्षिका, कायदा या सगळ्यांना वळवता येते आणि तिला शेवटच्या पायरीवर वळवता येत नाही. अंग धुण्याच्या मसल्यावर ज्या भाबडेपणाला आपण हसलो होतो, तोच भाबडेपणा इथे खांबासारखा उभा राहतो. तिच्याकडे कायद्याचे ज्ञान नाही, जमीर आहे. त्याला मागासलेपण म्हणायचे असेल तर पुढारलेपणाच्या व्याख्येकडेच पुन्हा पाहावे लागेल.

दुसरा अर्थ अधिक धोक्याचा आहे. ईमानाचा विजय झाला म्हणताना त्याचे बिल कोणी भरले हे आपण विसरतो. राझियाचे मूल गेले, पैसे गेले, नवरा बहुधा पुन्हा तुरुंगात जाईल, सावकार तिथेच बसले आहेत. नादिरचे काय गेले? गाडीची काच. मुख्य म्हणजे कसम मागणारा कोण आहे? ज्याने काजीपुढे स्वतः खोटे सांगितले, तोच समोरच्या बाईला कुरआनवर हात ठेवायला सांगतो. तिच्या उत्तरांत कुठेतरी पाणी मुरते आहे असा त्याला संशय आहे, आणि ही बाई खोटी कसम खाणार नाही हेही तो जाणून आहे. तिची श्रद्धा हेच त्याचे हत्यार होते. चित्रपटातली सर्वांत मोठी फसवणूक ही खोट्या साक्षीची नाही. दुसऱ्याच्या खोदाभयावर आपली सुटका उभारण्याची आहे. सूरह बकराच्या 224व्या आयतीत अल्लाहच्या नावाच्या कसमा नेकीच्या आणि माणसांत समेट घडवण्याच्या आड आणू नका, अशा आशयाची ताकीद आहे. नादिरने समेटाच्याच बैठकीत कसम आडवी घातली.

हे तेहरानपुरते नाही. गावच्या तंट्यात बेलभंडारा उचलायला कोणाला सांगितले जाते आणि मोहल्ल्याच्या बैठकीत कुरआन उचलायला कोणाला, ते आठवून पाहावे. चोरीचा आळ आलेली कामवाली, मजुरी थकलेला कारागीर, तलाकनंतर मेहर मागणारी बाई. मजुरी थकवणाऱ्या मालकाला मी हक मारला नाही अशी कसम खायला कोणी क्वचितच सांगते. हलाल-हरामची चर्चा आपल्याकडे गोश्तापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. मजुरीच्या पैशापर्यंत, कामवालीच्या पगारापर्यंत ती पोचत नाही. राझियाने ती पोचवली, आणि तिच्याजवळ गमावण्यासारखे सगळ्यात कमी होते.

एक आक्षेप नोंदवायला हवा. फरहादी सगळ्यांना इतके समजून घेतात की अपराध सर्वांत सारखा वाटला गेला आहे, असे एखाद्याला वाटावे. ‘प्रत्येकाचे आपापले कारण असते’ हे वाक्य सुखवस्तू प्रेक्षकाला फार सोयीचे असते. ते मान्य केले की काही करावे लागत नाही. शिवाय धडकेचा प्रसंग दिग्दर्शकाने आपल्यापासून लपवला आहे. म्हातारा रस्त्यावर आणि राझिया त्याच्याकडे धावते आहे, एवढे दाखवून तो दृश्य तोडतो. म्हणजे त्यानेही आपल्याला वळवलेच. पण या लपवण्याचे समर्थन करता येते. अर्धी माहिती हाती असताना आपण काजीच्या खुर्चीतून किती निकाल देऊन टाकले, हे ती धडक कळल्यावर आपल्याला कळते. चित्रपटभर पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे कोणासाठी रडावे हेही कोणी सांगत नाही. महमूद कलारी यांचा कॅमेरा दारे, काचा आणि जिने यांच्या आडून माणसे पाहतो. एकाच घरात राहणारी माणसे एकमेकांना पुरती दिसत नाहीत, तिथे शहराच्या दोन टोकांची माणसे कशी दिसावीत?

शेवट पुन्हा कोर्टात होतो. घटस्फोट ठरला आहे. तरमेने कोणाकडे राहायचे ते सांगायचे आहे. ती म्हणते, माझे ठरले आहे. पण आईबापांसमोर तिला ते बोलवत नाही. दोघांना बाहेर पाठवले जाते. ते व्हरांड्यात काचेच्या दोन बाजूंना थांबतात आणि श्रेयनामावली सुरू होते. तिचे उत्तर आपल्याला ऐकू येत नाही. याला कोणी दिग्दर्शकाची चलाखी म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. एकदा या मुलीकडून बापाने हवे ते वदवून घेतले आहे. आता तिचा शब्द कोणाच्याच सोयीसाठी वापरला जाऊ नये, म्हणून दिग्दर्शकाने दार लावून घेतले.

हा चित्रपट आपल्या घरांत पाहिला जावा. पडद्यानशीन आईने आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीने, जमातीचे काम करणाऱ्या चाचांनी आणि जमातीवर टीका करणाऱ्या भाच्याने तो एकत्र बसून पाहावा. भाषांतरित उपशीर्षके वाचावी लागतील, पण फिर्याद, वकील, गुनाह, कसम हे शब्द कानांना परके वाटणार नाहीत. पाहून झाल्यावर राझिया बरोबर की चूक यावर वाद होईल, तो व्हावाच. मात्र त्याआधी आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईचा पगार कोणत्या तारखेला होतो आणि घरात काही हरवले की पहिला संशय कोणावर जातो, हे घरातल्या मुलांना विचारावे. त्यांनी ते पाहून ठेवलेले असते.